टेकडीवरचा रस्ता रुंदीनं मोजू नका

टेकडीवरच्या गृहप्रकल्पाचा लेआउट मंजुरीला आला की त्यातल्या रस्त्यांची छाननी एका प्रश्नापासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते: रुंदी नियमाप्रमाणे आहे ना? नऊ मीटर हवी तिथे नऊ, बारा हवी तिथे बारा. नकाशावर पट्टी ठेवली, आकडा जुळला, पुढचं पान. डोंगर किती उंच कापणार, कापलेली माती कुठे टाकणार, पावसाचं पाणी कुठून कुठे जाणार, असं कुणी विचारलं तर तो माणूस विकासाच्या आड येणारा ठरतो.

त्याला जे ऐकवलं जातं ते असं. रस्ता रुंद तेवढा सुरक्षित. आग लागली तर बंब चढला पाहिजे, रुग्णवाहिका वळली पाहिजे, उद्या गाड्या वाढणारच आहेत. जमिनीचा उतार एकास पाचपेक्षा सौम्य आहे, म्हणजे नियमाच्या भाषेत ती डोंगरउताराची जमीनच नाही. जिथे माती धरायची तिथे आम्ही रिटेनिंग वॉल बांधतोच. आणि शेवटी, लोकांना घरं हवी आहेत. तुमची झाली म्हणून इतरांची अडवू नका. बिल्डर हे बोलतो यात नवल नाही. पण त्याचा सल्लागार हेच बोलतो, मंजुरी देणाऱ्या टेबलापलीकडचा माणूस हेच बोलतो आणि ज्याचं कुटुंब त्या कटाखाली झोपणार आहे तो फ्लॅट घेणाराही हेच बोलतो. या युक्तिवादातलं एकही वाक्य उतारावर टिकत नाही.

रुंदीपासूनच सुरुवात करू. सपाट जमिनीवर रस्ता दुप्पट रुंद केला तर दुप्पट जागा जाते. उतारावर तसं होत नाही. एकास पाचचा उतार म्हणजे पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटर चढ. त्यावर नऊ मीटर रुंदीचा सपाट पट्टा पूर्णपणे खोदून काढायचा तर डोंगराच्या बाजूला कट १.८ मीटर उंच येतो आणि रस्त्याच्या दर मीटर लांबीला सुमारे आठ घनमीटर डोंगर निघतो. तोच रस्ता १८ मीटर केला की कट ३.६ मीटरचा होतो आणि खोदाई ३२ घनमीटरच्या वर जाते. रुंदी दुप्पट, खोदाई चौपट. हा हिशोब धरला आहे कट अगदी उभा, भिंतीसारखा कापला असं मानून. मुरमात तसा कट पावसाळ्यात उभा राहत नाही, त्याला तिरपा काढावा लागतो आणि खोदाई आणखी वाढते. आठवी-नववीच्या भूमितीत बसणारं हे गणित टेकडीवरचे प्रकल्प तपासताना कुणीच का मांडत नाही?

यावर उत्तर येतं की पूर्ण खोदाई कोण करतं, अर्धा कट आणि अर्धा भराव करतो. डोंगराच्या बाजूचा मुरूम काढायचा, दरीच्या बाजूला टाकायचा, डंपरचा खर्चही वाचतो. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. पण उतारावर भराव टाकायचा तर आधी मूळ जमिनीत पायऱ्या खोदाव्या लागतात, झाडोरा आणि वरची काळी माती काढावी लागते, मग थराथरानं भरून, पाणी मारून, रोलर फिरवून तो दाबावा लागतो. प्रत्यक्षात पोकलेन वरून माती ढकलतो आणि ती जिथे थांबते तिथे भरावाची कड होते. वर सोलिंग, त्यावर पेव्हर ब्लॉक. पहिल्या दोन पावसाळ्यांत रस्त्याच्या दरीकडच्या अर्ध्या भागात, कडेला समांतर अशी एक लांब भेग दिसू लागते. सोसायटीतले लोक ती सिमेंटनं बुजवतात. पुढच्या वर्षी ती त्याच जागी, थोडी रुंद होऊन, परत येते. ब्लॉक घसरल्यामुळे ती पडलेली नसते. रस्त्याचा अर्धा भाग डोंगरावर उभा आहे आणि अर्धा ढिगाऱ्यावर, हे ती सांगत असते.

आता बंब. रुंद रस्त्यांच्या समर्थकांचं हे सर्वांत भारी हत्यार, कारण आगीचं नाव घेतलं की समोरचा गप्प बसतो. म्हणून ते नीट तपासू. राष्ट्रीय इमारत संहिता उंच इमारतीभोवती बंबासाठी किमान सहा मीटर रुंदीची मोकळी, वाहन फिरेल अशी जागा मागते आणि ती ४५ टनांपर्यंतच्या बंबाचं वजन पेलणारी असावी असंही सांगते. सहा मीटर लक्षात राहतात, ४५ टन विसरले जातात. पंचेचाळीस टनांचा बंब त्या ढकललेल्या भरावाच्या कडेवर उभा करणार आहात का? शिडी उघडून? बारा मीटरच्या रस्त्यातले सहा मीटर जर वजन पेलणारच नसतील, तर ते नकाशावर रुंदी म्हणून मोजले कसे जातात?

शहरात बंब अडतो तो बहुतेक वेळा दुतर्फा लावलेल्या गाड्यांमुळे, कोपऱ्यावर बांधलेल्या सिक्युरिटी केबिनमुळे, सोसायटीच्या शोभेच्या कमानीमुळे. रस्ता अठरा मीटर केला तर दुतर्फा दोन ओळींत गाड्या लागतील एवढंच होईल. आणि मुळात एवढ्या वजनाचा, शिडीचा बंब लागतो कशाला? उंच इमारतींना. संहितेत १५ मीटर किंवा त्याहून अधिक उंचीची इमारत उंच धरली जाते. उतारावर दोन-तीन मजल्यांची घरं बांधली असती तर हा बंब चढवण्याचा प्रश्नच आला नसता. आधी टेकडीवर टॉवर उभे करायचे, मग टॉवरसाठी बंब हवा म्हणून टेकडी कापायची, आणि त्या कापण्याला सुरक्षितता म्हणायचं. सुरक्षिततेचं नाव पुढे करून डोंगर कापण्याचा हा प्रकार मला सर्वांत संतापजनक वाटतो.

रुंद रस्त्याचा हट्ट खरोखर कुठून येतो ते उघड सांगितलं पाहिजे. राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे २०२० च्या डिसेंबरात लागू झालेल्या यूडीसीपीआरमध्ये, भूखंडाला किती एफएसआय, म्हणजे जमिनीच्या प्रमाणात किती बांधकाम, मिळेल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी जोडलेलं आहे. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर मूळ एफएसआयवर फारसं काही चढत नाही. रस्ता रुंद होत जातो तसतसा प्रीमियम एफएसआय आणि टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, वाढत जातो. सपाट शहरात यामागे तर्क आहे: जास्त माणसं, जास्त गाड्या, म्हणून जास्त रुंदी. टेकडीवर त्याच तर्काचा अर्थ असा होतो की जो जास्त डोंगर कापेल त्याला जास्त बांधकाम मिळेल. कापण्याला शासनानं बक्षीस लावलं आहे. मग आर्किटेक्ट अरुंद रस्ता का आखेल?

एकास पाचच्या नियमाचं असंच. महाराष्ट्रात एकास पाच किंवा त्याहून तीव्र उताराच्या जमिनीवर विकास करता येत नाही, हा नियम चांगला आहे आणि तो टिकवण्यासाठी पुण्यातल्या नागरिकांनी वर्षानुवर्षं झगडा दिला आहे. पण उतार मोजायचा कसा, तिथे सगळी पळवाट आहे. शंभर मीटर लांबीचा भूखंड घ्या. खालचे ७० मीटर जवळपास सपाट, एकूण पाच मीटर चढणारे. वरचे ३० मीटर म्हणजे १२ मीटरचा चढ, जिथे माणूसही हात टेकून चढेल. शंभर मीटरला एकूण १७ मीटर, म्हणजे सरासरी एकास सहाच्या आसपास. नियमात बसला. त्या सरासरीत तो बारा मीटरचा कडा गायब झाला. आणि लेआउटमधला रस्ता नेमका तिथूनच वर जाणार असतो, कारण वरच्या पठारावरून शहराचं दृश्य दिसतं आणि त्या फ्लॅटचा भाव वेगळा असतो. सरासरी काढून डोंगर सौम्य होत नाही. भूखंडाचा सरासरी उतार हा आकडा छाननीत मान्यच होता कामा नये. रस्त्याच्या आखणीवर, दर दहा-वीस मीटरला, तिथला मूळ उतार काय हे लिहिलेलं हवं. मूळ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. कंटूर सर्व्हे जेसीबी येऊन गेल्यानंतर केला तर टेकडीचा उतार किती होता हे कोण सांगणार?

जिथे उतार खरोखर तीव्र आहे तिथे रस्ता वळणं घेत चढतो, आणि वळणाचं गणित तर कुणी पाहतच नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची डोंगरी रस्त्यांसाठीची मानकं नागमोडी वळणाच्या आतल्या कडेला किमान १४ मीटर त्रिज्या मागतात आणि वळणावर चढ एकास चाळीसपेक्षा जास्त नको असं सांगतात. वळणावर रस्ता नऊ मीटर रुंद धरला तर बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ४६ मीटरचा पट्टा लागतो. एकास पाचच्या उतारावर त्या पट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या टोकांत नऊ मीटरपेक्षा जास्त फरक असतो. त्यातला मोठा भाग कापून किंवा भरून सपाट करावा लागणार. म्हणजे एका वळणासाठी दुमजली घराएवढा कट, नाहीतर तेवढाच भराव, नाहीतर दोन्ही. मानक चुकीचं नाही. गाडी सुरक्षित वळायची तर ते पाळलंच पाहिजे. चूक ही की प्रत्येक वळणाची ही किंमत माहीत असूनही लेआउटमध्ये अशी वळणं एकावर एक रचली जातात. आणि मानक पाळलं नाही तर? मग रस्ता नकाशावर रुंद असतो आणि वळणावर मात्र टँकर तीन वेळा मागेपुढे केल्याशिवाय निघत नाही. रुंदीच्या हट्टानं दोन्हीकडून नुकसानच होतं.

राहिली रिटेनिंग वॉल. भिंत बांधू म्हटलं की चर्चा मिटते, जणू काँक्रीट दाखवलं की मातीनं ऐकलंच. उंची दुप्पट झाली की भिंतीवरचा मातीचा एकूण दाब चौपट होतो. मागची माती पाण्यानं भरली आणि पाणी निघायला वाट नसली तर हा दाब कोरड्या मातीच्या दुपटीहून अधिक होतो. त्यासाठी भिंतीच्या मागे खडीचा गाळणथर आणि भिंतीत वीप होल, म्हणजे पाणी निघायची भोकं, असतात. पुण्याच्या उपनगरांत पावसाळ्यात अशा भिंतींजवळ जाऊन पाहा. किती तरी ठिकाणी ही भोकं प्लास्टरखाली गेलेली असतात, कारण त्यातून गढूळ पाणी येऊन रंग खराब होतो अशी तक्रार होती. काही भोकांत नुसता पाइपाचा तुकडा असतो, आत गाळणथरच नसतो. पाणी मग भोकातून येत नाही. भिंतीच्या पायाशी, जिथे कट तांबड्या थरापर्यंत गेला आहे तिथून पाझरतं आणि तिथली माती बोटानं खरवडली तर लोण्यासारखी निघते. आपला डोंगर एकसंध कातळाचा नाही. लाव्हाचे थर एकावर एक बसले आहेत आणि अनेक ठिकाणी दोन थरांच्या मध्ये ही तांबडी, भुसभुशीत माती आहे. पावसाचं पाणी भेगांतून खाली उतरून तिथे अडतं आणि आडवं वाहतं. बावधन-बाणेरच्या बाजूचे झरे या पाण्यावर जगतात. रस्त्याचा कट त्या थराला छेदून गेला की झरा तुमच्या भिंतीमागे निघतो.

आणि भिंत पडते तेव्हा कुणावर पडते? कोंढव्यात २९ जून २०१९ च्या पहाटे एका सोसायटीच्या वरच्या पातळीवरच्या पार्किंगची भिंत खालच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. किमान १५ माणसं गेली, त्यांत मुलं होती. पुढच्या तीन दिवसांत आंबेगावात भिंत पडून आणखी मजूर गेले. जे दुसऱ्यांसाठी घरं बांधत होते, ते. तेव्हा चौकशी झाली, बातम्या आल्या, आणि पुढच्या लेआउटमध्ये पुन्हा तेच एक वाक्य: रिटेनिंग वॉल बांधण्यात येईल. किती उंच, पायाखाली काय, पाणी कुठे जाणार, पाच वर्षांनी तिची जबाबदारी कुणाची? भोगवटा पत्र मिळालं की बिल्डर मोकळा, आणि सोसायटीच्या कमिटीला ती भिंत आपली आहे हेच ठाऊक नसतं.

पाण्याचा मुद्दा वेगळा काढला नाही, कारण तो प्रत्येक मुद्द्यात आहे. तरी एक हिशोब मांडतोच. नऊ मीटर रुंद आणि शंभर मीटर लांब रस्त्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ४५ हजार लिटर पाणी पडतं. पूर्वी त्यातलं बरंचसं गवतात, मुरमात जिरायचं. आता जवळपास सगळं वाहतं. उतारावर ते वेग घेतं, तळाच्या चेंबरच्या जाळीवरून उडी मारून पुढे जातं आणि खालच्या वस्तीत शिरतं. रस्ता १८ मीटर केलात तर ९० हजार लिटर. कात्रजच्या बोगद्याजवळ शिंदेवाडीत जून २०१३ मध्ये डोंगरफोडीमुळे वळलेलं पाणी रस्त्यावर आलं आणि एक आई आणि तिची लहान मुलगी वाहून गेल्या. कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबील ओढ्याच्या पुरानं २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काय केलं ते सहकारनगर आणि अरण्येश्वर विसरलेले नाहीत. टेकडीवरचा प्रत्येक नवा रस्ता पावसाळ्यात ओढा होतो, आणि त्याचं तोंड कुठे उघडतं हे ठरवायचं काम ज्या छाननीचं आहे तिथे मोजतात काय तर रुंदी.

उरतो तो भावनेचा मुद्दा: लोकांना घरं हवी आहेत. हो, हवी आहेत. पण टेकडी कापून उभी केलेली घरं कोणासाठी असतात? कट, भराव, भिंत, पंपानं वर चढवलेलं पाणी या सगळ्याचा खर्च घराच्या किमतीत येतो आणि वरून दृश्याचा भाव. पर्वतीच्या उतारावर जनता वसाहतीत जी माणसं राहतात त्यांच्यासाठी हे प्रकल्प नाहीत. त्यांना शहरात दुसरीकडे जागा मिळाली नाही म्हणून ती तिथे आहेत. त्यांच्या नावानं युक्तिवाद करून दुसऱ्याच कुणाला घरं विकणं हे मला मान्य नाही. घरांची टंचाई खरी आहे, आणि तिचं उत्तर सपाट, आधीच रस्ते-पाणी असलेल्या जमिनीवर शोधायचं आहे. त्याऐवजी टेकडीकडे बोट दाखवलं जातं, कारण ती स्वस्तात मिळते.

मग टेकडीच्या पायथ्याशी, जिथे नियमानं बांधकाम करता येतं तिथे, रस्ते कसे असावेत? कोकणात हे शतकानुशतकं माहीत आहे. वाडी उतारावर असते, घरं कंटूरच्या रेषेत एकेका टप्प्यावर बसलेली, आणि वरखाली जायला जांभ्या दगडाची पाखाडी. गाडीरस्ता खाली थांबतो, पाणी पाखाडीच्या कडेनं वहाळाला जातं. कुणी त्या गावाला मागास म्हणेल, पण त्याची रचना आपल्या मंजूर लेआउटपेक्षा जास्त विचारपूर्वक केलेली आहे. माथेरानमध्ये मोटारगाड्यांना दस्तुरी नाक्यावर थांबवलं जातं आणि तरी तिथे माणसं राहतात, शाळा चालतात. आजच्या वसाहतीत इतकं ताणायची गरज नाही. बारा मीटरचा एक रस्ता कापण्याऐवजी सहा-सहा मीटरचे दोन एकेरी रस्ते वेगवेगळ्या पातळ्यांवर काढा. त्याच एकास पाचच्या उतारावर खोदाई निम्म्यावर येते, कटही निम्म्या उंचीचा होतो. मध्ये मध्ये गाड्या थांबायला जागा ठेवा. घरांपर्यंत पायऱ्या आणि हातगाडी जाईल असा उतार द्या, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी बारा फुटांना एक फूट चढ असलेली वाट, जी रुंद पण एकास आठच्या रस्त्यावर कधीच मिळत नाही. व्हीलचेअर घेऊन तसल्या रस्त्यावर कुणी जाऊन दाखवावं.

म्हणून टेकडीवरच्या गृहप्रकल्पाच्या रस्त्यांचा आराखडा तपासताना रुंदीचा रकाना सर्वांत शेवटी भरला गेला पाहिजे. आधी प्रत्येक रस्त्याचे दर वीस मीटरला आडवे छेद, खोदाईपूर्व सर्व्हेवर काढलेले. कटाची कमाल उंची ठरलेली, आणि ती ओलांडणारी आखणी थेट नामंजूर. कटाच्या वर पाणी अडवणारी चारी, रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला गटार, आणि त्या पाण्याचा मार्ग नैसर्गिक ओढ्यापर्यंत दाखवलेला. शेजारच्या भूखंडात सोडलेलं पाणी चालणार नाही. भरावाच्या प्रत्येक भागासाठी ४५ टनांचा भार पेलल्याचा दाखला, नाहीतर तो भाग रुंदीत मोजायचा नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खोदाई बंद. भिंतीची जबाबदारी बांधणाऱ्यावर, सोसायटीकडे हस्तांतर झाल्यानंतरही ठरावीक वर्षं, आणि त्यासाठीची बँक हमी आधीच घेतलेली. उतारावरच्या जमिनीसाठी एफएसआय आणि रस्त्याच्या रुंदीचं नातं तोडून टाका. यातली एकही गोष्ट अवघड नाही. प्रत्येकाचं तंत्र इंजिनिअरांना ठाऊक आहे. हे कागद समोर नसतील तर तो लेआउट परत पाठवा, त्यावरचे रस्ते कितीही रुंद असले तरी.